हारून का आला नाही

एकदा एका खाडीकाठच्या गावात एक वृद्ध गुरुजी राहत होते. त्यांचं नाव शरफुद्दीन हमदुले, पण गावात सगळे त्यांना नुसतं गुरुजी म्हणत. चाळीस वर्षं त्यांनी मराठी शाळेत शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर जुन्या शाळेच्या एका खोलीत वाचनालय सुरू केलं. खोली लहान होती आणि कपाटं चारच. त्यांतलं एक कपाट मात्र निराळं होतं. आपलं गाव सोडून परक्या देशात गेलेल्या माणसांच्या कथा-कादंबऱ्या तेवढ्या त्यात होत्या. काही मराठी, काही उर्दू, बहुतेक भाषांतरं.

त्या गावात असं कपाट असणं स्वाभाविक होतं. जिथून कुणीच बाहेर गेलेलं नाही असं घर तिथे शोधावं लागलं असतं. आजे-पणजे जहाजांवर गेले, त्यांच्यामागचे आफ्रिकेत, मग आखातात, आणि अलीकडची मुलं इंग्लंड-कॅनडात. घरं तीन मजली झाली आणि राहायला दोन म्हातारी माणसं उरली. गुरुजी म्हणत, "गेलेल्यांचे फोटो आपल्यापर्यंत पोचतात, भेटींची खोकी पोचतात. तिथे संध्याकाळी दार लावून घेतल्यावर ते काय करतात, हे काही पोचत नाही. ते या कपाटातून थोडंफार कळतं."

या कपाटाची सर्वांत निष्ठावान वाचक होती तस्नीम परकार. वय छत्तीस, तालुक्याच्या हायस्कुलात मराठीची शिक्षिका. लहानपणी ती गुरुजींच्याच वर्गात शिकली होती, आणि आता दर गुरुवारी शाळा सुटल्यावर एस.टी.तून उतरून थेट वाचनालयात येई. पुस्तक परत करताना त्याविषयी गुरुजींशी बोलायचं, असा दोघांचा नेम होता. बोलणं बहुधा वादाकडेच झुके, कारण तस्नीम पुस्तकातल्या माणसांना सोडत नसे. कोण चुकलं, कोण स्वार्थी निघालं, कुणी आईबापांना फसवलं, हे ती समासात बारीक पेन्सिलीने लिहून ठेवी. गुरुजी त्या नोंदी खोडत नसत, वाचत मात्र असत.

तिच्या या कठोरपणामागे घरातली एक गोष्ट होती. तिचा धाकटा भाऊ मुदस्सर दहा वर्षांपूर्वी शिकायला म्हणून इंग्लंडला गेला आणि तिथेच राहिला. चार वर्षांपूर्वी त्यांचे वडील आजारी पडले. आजार सहा आठवडे चालला. म्हणजे यायचं म्हटलं तर वेळ भरपूर होता. मुदस्सर आला नाही. दवाखान्याच्या खेपा, रात्रीची जागरणं, शेवटी दफनाची धावपळ, सगळं तस्नीमने एकटीने पाहिलं. रमजान सुरू व्हायला पाच दिवस असताना बाबा गेले. त्यानंतर भावाचा फोन आला की ती तो अम्माच्या हातात देई आणि खोलीबाहेर जाई. त्या दिवसापासून दोघांत एक शब्दही झाला नव्हता.

आणखी एक गोष्ट बदलली होती. पूर्वी रमजान जवळ आला की तस्नीमच्या अंगात उत्साह संचारत असे. भांडी घासून काढायची, पडदे धुवायचे, शेवया आणि खजूर आणून ठेवायचे, शेजारच्या बायकांबरोबर चंद्र पाहायला धक्क्यावर जायचं. आता ती रोजे धरी, नमाज पढे, पण महिन्याच्या स्वागताला म्हणून घराबाहेर पडत नसे. अम्मा एकटीच पडदे धूत असे.

त्या वर्षी आंब्याला मोहोर असताना रमजान येणार होता. त्याच्या आदल्या गुरुवारी तस्नीम वाचनालयात आली ती एक जाड कादंबरी छातीशी धरून. कादंबरी एका शिंप्याची होती. हारून नावाचा हा शिंपी समुद्र ओलांडून एका थंड शहरात जातो, तिथे कपडे दुरुस्त करायचं छोटं दुकान टाकतो. इकडे गावात त्याची आई अंथरुणाला खिळते. तार जाते. आई रोज दाराकडे तोंड करून निजते. हारून बॅग भरतो, दुकानाला कुलूप लावतो, आणि मग कुलूप काढून पुन्हा मशीनवर बसतो. तो येत नाही. आई जाते.

"किती झालं वाचून?" गुरुजींनी विचारलं.

"एकतीस पानं राहिलीत. आज संपवते."

"मग? कसा वाटतोय हारून?"

"वाटायचं काय त्यात गुरुजी. समासात लिहिलंय मी."

गुरुजींनी हात पुढे केला. तस्नीमने पुस्तक दिलं. त्यांनी ते पान काढलं. समासात लिहिलं होतं, 'याला आई नको होती. फक्त आईची आठवण हवी होती.' गुरुजींनी ते दोनदा वाचलं. मग पुस्तक मिटलं, उठून कपाटात ठेवलं, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली.

"ईद झाली की ने," ते म्हणाले.

तस्नीमला आधी ते गमतीने म्हणताहेत असं वाटलं. पण गुरुजी खुर्चीवर येऊन शांतपणे बसले होते.

"गुरुजी, एकतीसच पानं राहिलीत."

"म्हणूनच."

"महिनाभर मी काय करू?"

"एक काम देतो. रमजानभर रोज असरची नमाज झाली की वहीत एक ओळ लिहायची. हारून का आला नाही, त्याचं एक कारण. रोज नवं. काल लिहिलेलं आज चालणार नाही."

"एकच कारण आहे आणि ते मी लिहून बसलेय."

"मग पहिल्या दिवसाचं झालं," गुरुजी म्हणाले. "उरलेले एकोणतीस बघ."

तस्नीम चिडून घरी गेली. ज्या माणसाने आयुष्यभर मुलांना पुस्तकं पूर्ण वाचायला सांगितलं, त्याने आपल्या हातातलं पुस्तक काढून घ्यावं, हे तिला समजेना. पण गुरुजींनी दिलेलं काम टाळायचं नाही, ही लहानपणची सवय मोडणंही तिला जमणार नव्हतं. चंद्र दिसल्याची बातमी मशिदीच्या भोंग्यावरून आली, दुसऱ्या दिवशी रोजा सुरू झाला, आणि तिसऱ्या प्रहरी, असरची नमाज झाल्यावर, ती वही घेऊन खिडकीत बसली.

पहिला आठवडा सोपा गेला. हारून स्वार्थी होता. तो भित्रा होता. त्याला तिथल्या सुखाची चटक लागली होती. त्याला गावाची लाज वाटत होती. प्रत्येक ओळीत राग होता आणि तो लिहायला बरं वाटत होतं. पोटात अन्न नसताना राग जरा जास्तच धारदार होतो, हे रोजा धरणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

नवव्या-दहाव्या दिवशी मात्र तिच्या लक्षात आलं, की आपण एकच गोष्ट शब्द फिरवून लिहितो आहोत. 'स्वार्थी' आणि 'आपमतलबी' ही दोन कारणं होत नाहीत. मराठीच्या शिक्षिकेला तरी ती पळवाट चालण्यासारखी नव्हती. त्या दिवशी वहीचं पान कोरं राहिलं. दुसऱ्या दिवशीही.

तिसऱ्या दिवशी शाळेतून येताना ती हलीमा मामींच्या दारात थांबली. हलीमा मामींचे यजमान बावीस वर्षं कुवेतला होते आणि आता ओसरीवर जाळी विणत बसत. तस्नीमने त्यांना सरळच विचारलं, "मामू, तिकडे असताना घरी यायचं होतं आणि आला नाहीत, असं कधी झालं का?"

मामूंनी जाळीवरची नजर उचलली नाही. "एकदा नाही, तीनदा," ते म्हणाले. "पासपोर्ट शेठच्या तिजोरीत. पहिल्यांदा मागितला तर म्हणाला, पुढच्या महिन्यात देतो. माझी बहीण गेली तेव्हाची गोष्ट. घरच्यांना मी कळवलं, सुट्टी मिळत नाही म्हणून. आपला पासपोर्ट आपल्या हातात नाही, हे कुठल्या तोंडाने लिहिणार? मी इथून सुपरवायझर म्हणून गेलो होतो ना."

तस्नीमने त्या संध्याकाळी वहीत लिहिलं, 'त्याचे कागद दुसऱ्याच्या ताब्यात होते आणि ते सांगायची त्याला लाज वाटली.'  तिच्या वहीतली ही पहिली ओळ होती जी तिने स्वतःच्या मनातून काढलेली नव्हती.

त्यानंतर ती लोकांना विचारतच गेली. कुणाला वाटलं बाईंचा शाळेचा काही प्रकल्प असेल. पण रमजानात माणसं जरा सैल होतात. इफ्तारच्या आधीचा तास लांबट असतो आणि बोलण्यात तो बरा जातो. डरबनहून परतलेल्या एका आजीने सांगितलं, की सासरा वारल्याची तार नवऱ्याला मिळाली तेव्हा तो नुसता बसून राहिला. 'मी गेलो नाही तोवर ते तिथे जिवंतच आहेत,' असं म्हणाला. तो घरी गेलाच नाही, आणि मरेपर्यंत बापाविषयी 'आहेत' असंच बोलत राहिला. तस्नीमने हेही लिहून घेतलं. कुणाच्या कारणावर तिचा विश्वास बसला, कुणाच्या नाही. पण वही भरत गेली.

तेविसाव्या रोज्याला असरनंतर तिने पेन उघडलं आणि लिहिलं, 'त्याने येतो म्हटलं असेल आणि घरातूनच कुणी नको म्हटलं असेल.' हे कुठून आलं, तिला कळेना. कुणी असं काही सांगितलं नव्हतं. मग तिला आठवलं. बाबांच्या आजारात मुदस्सरचा फोन आला, की बाबा तिला म्हणत, "तस्नीम, जरा औषधं घेऊन ये गं." दोन-तीनदा तरी. औषधं तर घरात होती. तेव्हा तिला वाटलं होतं, आजारी माणसाला लक्षात राहत नसेल.

ती हारूनचं कारण लिहायला बसली होती, आणि समोर हारून नव्हता.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी अम्मा जरा आडवी झाली असताना तस्नीमने फोन घेतला आणि चार वर्षांत पहिल्यांदा भावाचा नंबर लावला. तिकडे सकाळ होती. मुदस्सरने उचलला आणि घाबरून विचारलं, "अम्माला काय झालं?"

"अम्मा बरी आहे. मीच केलाय."

तस्नीमने झोपलेल्या अम्माकडे पाहून आवाज खाली केला.

"मुदस्सर, मला एक विचारायचंय. मी भांडायला फोन केलेला नाही. तू का आला नाहीस?"

 जे त्याने सांगितलं ते असं. शिक्षण संपल्यावर त्याने तिथे राहण्यासाठी अर्ज केला होता. पहिला फेटाळला गेला, दुसरा अडकून पडला. अर्जाचा निकाल लागेपर्यंत देश सोडायचा नाही. सोडला तर अर्ज रद्द आणि परत जायचा रस्ता बंद. पण बाबांच्या आजाराच्या आदल्या वर्षीच त्याने बाबांना सांगून ठेवलं होतं, की माझं सगळं पक्कं झालं, कायमचे कागद हातात आले. बाबांनी ते ऐकून मशिदीत मिठाई वाटली होती.

"मग आजारपणात कसं सांगणार, की ते खोटं होतं?" मुदस्सर म्हणाला. "तरी एकदा मी ठरवलं, जाऊ दे सगळं, येतो. बाबांना फोनवर तसं सांगितलं. तर ते म्हणाले, येऊ नको. इथे तस्नीम आहे. तू तुझं काम बघ. इतकं कोरडं बोलले आपा, की मला वाटलं, रागावलेत. कागद असूनही मी इतक्या उशिरा विचारतोय म्हणून. मग मी आलो नाही. त्यानंतर आठ दिवसांत ते गेले."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू कधी फोनवर आलीस?"

 मग तोच पुढे म्हणाला, "कागद दोन वर्षांपूर्वी खरंच झाले. पण मग कुठल्या तोंडाने यायचं ते कळेना. अम्माला यातलं काही सांगू नकोस. बाबांशी मी खोटं बोललो, हे तिला कळायला नको."

सोमवारी तस्नीम वाचनालयात गेली. गुरुवार नव्हता, तरी गुरुजींनी का आलीस असं विचारलं नाही. तिने वही त्यांच्यापुढे ठेवली आणि झालेलं सगळं सांगितलं. गुरुजींनी वही पहिल्या पानापासून वाचली, एकही ओळ न गाळता. मग किल्ली काढली, कपाट उघडलं आणि कादंबरी टेबलावर ठेवली.

"ईदला अजून पाच दिवस आहेत गुरुजी."

"आता त्याची गरज राहिली नाही. आणि तुला एक सांगून टाकतो. या एकतीस पानांत कारण नाही. लिहिणाऱ्याने ते दिलेलंच नाही. हारून म्हातारा होतो, दुकान विकतो, आणि कादंबरी संपते."

 "मग ती पानं काढून का घेतलीत?"

इथे गुरुजींनी जे सांगितलं ते तस्नीमने त्याच दिवशी घरी जाऊन उतरवून काढलं, म्हणून आपल्याला ते जवळजवळ त्यांच्याच शब्दांत मिळतं.

"तू ती पानं त्या दिवशी वाचली असतीस," गुरुजी म्हणाले, "तर कारण मिळालं नसतं, आणि तुझी समासातली ओळ पक्की झाली असती. तस्नीम, रोज्यात भूक कुठे जात नाही. ती दिवसभर बरोबरच असते. आपण एवढंच करतो, की ती सांगेल ते लगेच करत नाही. अन्नाच्या भुकेसारखीच माणसाला निकाल देण्याची भूक असते. दुखावलेल्या माणसाला तर फारच. तुझी ती भूक चार वर्षं भागत होती, आणि तू पुस्तकातल्या परक्या माणसांवरही ती भागवत होतीस. मला वाटलं, हा महिना येतोच आहे, तर तिलाही एक रोजा धरायला लावू. घरी राहिलेल्या माणसाला गेलेल्याची गोष्ट अर्धीच वाचायला मिळते. उरलेली पानं गेलेल्याकडे असतात. ती मागून घ्यावी लागतात, आणि मागायची म्हणजे आधी आपण स्वतः लिहिलेला शेवट पुसावा लागतो. ते जमायला महिनाभर लागतोच."

 मग खिडकीबाहेर पाहत, आवाज जरासुद्धा न बदलता म्हणाले, "मला हे फार उशिरा समजलं. माझे थोरले भाऊ दार-एस-सलामला होते. आमची आई गेली तेव्हा ते आले नाहीत. मग त्यांची पत्रं आली. एकामागून एक, वर्ष-दीड वर्षाच्या अंतराने, तीन. तिन्ही मी न उघडता परत पाठवली. नंतर ते तिकडेच वारले. त्यांत काय होतं, मला आजही ठाऊक नाही. हे कपाट त्यानंतर जमवायला लागलो. माझ्या भावाने काय लिहिलं असेल, ते मी दुसऱ्यांच्या पुस्तकांत शोधत असतो."

चाळीस वर्षं मुलांना शिकवलेल्या त्या माणसाकडे तस्नीमने पाहिलं.  तिने एवढंच विचारलं, "अम्माला सांगू का नको?"

"ते मी नाही सांगणार. पण अम्माला काय ठाऊक आहे, हे तू तिला कधी विचारलंस का?"

त्या संध्याकाळी अम्मा इफ्तारसाठी कलिंगड चिरत होती. तस्नीम तिच्याजवळ पाटावर बसली. भावाने सांगितलेलं तिने बोलून दाखवलं नाही. फक्त विचारलं, "अम्मा, बाबा मला औषधं आणायला का पाठवायचे? औषधं तर असायची."

अम्माची सुरी थांबली. मग पुन्हा चालू झाली.

"तू ऐकू नयेस म्हणून," ती म्हणाली. "मुदस्सरचे कागद झालेले नव्हते. बाबांना ठाऊक होतं. फणसोपकरांचा जावई तिकडून आला होता, तो बोलता बोलता बोलून गेला. बाबांनी मला शपथ घातली. म्हणाले, पोराने माझा मान राहावा म्हणून सांगितलंय, त्याला कळू देऊ नकोस मला कळल्याचं. तस्नीमलाही नको, ती त्याला फोनवर खडसावेल. मग आजारपणात तो येतो येतो करायला लागला. बाबा म्हणाले, आला तर त्याची इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात जाईल. म्हणून त्याला जरा तोडून बोलले. फोन ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून निजले."

"आणि तू चार वर्षं गप्प बसलीस?"

"शपथ होती गं. आणि तू त्याचं नावच काढू द्यायची नाहीस. काढलं असतंस, तर मोडली असती मी." अम्माने कलिंगडाच्या फोडी ताटात नीट लावल्या. "मोडायला हवी होती."

अजान होईपर्यंत दोघी तशाच बसून राहिल्या. एकाच घरातली चार माणसं. तिघांनी दुसऱ्याची लाज राखण्यासाठी आपापला तुकडा लपवून धरला होता, आणि चौथीने तो कधी मागितला नव्हता. त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. तरी एक माणूस भिंतीकडे तोंड करून गेला, आणि दुसरा परक्या शहरात स्वतःला अपराधी समजत राहिला.

ईदच्या सकाळी मायलेकींनी मिळून मुदस्सरला फोन लावला. शुभेच्छा झाल्यावर अम्माने त्याला सांगितलं, की बाबांना कागदांचं ठाऊक होतं. शपथेचं सांगितलं, 'येऊ नको' का म्हणाले तेही सांगितलं.  ती थांबल्यावर मुदस्सर म्हणाला, "पुन्हा सांग." अम्माने पुन्हा सांगितलं. "बाबांनी नक्की कसं म्हटलं, त्यांच्या शब्दांत सांग." अम्माने तिसऱ्यांदा सांगितलं. मग फोनवर जे ऐकू येत होतं ते तस्नीमने काही वेळ ऐकलं आणि म्हणाली, "आता रडून झालं की तिकीट काढ."

तो लगेच येऊ शकला नाही. कागद झाल्यावर त्याने तिकडेच लग्न केलं होतं. त्याच्या कामाची रजा, त्याच्या बायकोचं बाळंतपण, सगळं मध्ये आलं. पुढच्या वर्षी, रमजानला आठवडा राहिला असताना तो आला. विमानतळावरून परस्पर कब्रस्तानात गेला आणि मग घरी. त्या वर्षी पडदे तस्नीमने धुतले.

दोन दिवसांनी ती त्याला घेऊन वाचनालयात गेली. गुरुजींनी त्याला समोर बसवलं, तिथल्या थंडीची, कामाची, मुलाची चौकशी केली. गुरुजींच्या भावाचं तस्नीमने त्याला आधीच सांगितलं होतं. बोलणं संपत आल्यावर गुरुजी जरा घुटमळले आणि म्हणाले, "मुदस्सर, तू बाहेर राहिलेला माणूस आहेस, म्हणून विचारतो. घरी पाठवलेलं पत्र न उघडता परत आलं, की माणसाला काय वाटत असेल? राग येत असेल ना?"

मुदस्सरने विचार केला.

"पहिलं परत आल्यावर राग आला असता, तर दुसरं पाठवलंच नसतं, गुरुजी," तो म्हणाला. "त्यांनी तर तिसरंही पाठवलं."

गुरुजींनी मान हलवली.  मग उठले, दोघांसाठी चहा टाकायला मागच्या पडवीतल्या चुलीकडे गेले, आणि तिथे जरा जास्तच वेळ थांबले.